बुडखा उपटायचा की पोखरायचा? त्याआधी तो जिवंत आहे का ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: मागच्या अंगणातलं झाड तोडून काही आठवडे झालेत, जमिनीपासून हातभर उंच आणि २ फूट रुंद बुडखा उरलाय, आणि कडेनं फुटवे यायला लागलेत. तो घरच्या घरी काढता येईल का? काढणं झेपणार नसेल तर आतून पोखरून त्यात फुलझाडं लावता येतील का? शिवाय मीठ भरा, ॲसिड ओता, डिझेल टाकून पेटवा, असे सल्ले मिळालेत, त्यांचं काय करायचं?

दोन्ही गोष्टी होण्यासारख्या आहेत. फक्त हत्यार हातात घेण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. बुडखा मारणं, बुडखा उपटणं आणि बुडखा कुजवणं ही तीन वेगवेगळी कामं आहेत. लोक तिन्ही एकच समजतात आणि एका कामासाठी केलेला उपाय दुसऱ्या कामाच्या आड येतो. मिठाचंच घ्या. भरपूर मीठ भरलं तर बुडखा मरेलही, पण मीठ मुरलेलं लाकूड कुजत नाही, कारण कुजवणाऱ्या बुरशीलाही मीठ सोसत नाही. पूर्वी जहाजं बांधताना लाकडाच्या सांगाड्यात मुद्दाम मीठ भरत, ते लाकूड टिकावं म्हणूनच. म्हणजे तुम्ही मेलेला बुडखा जपून ठेवताय, आणि वर आजूबाजूची माती बिघडवताय. सोडियममुळे चिकणमातीची घडण मोडते, पाणी मुरेनासं होतं आणि त्या जागी पुढे काही लावायचं म्हटलं तर आधी माती दुरुस्त करावी लागते. ॲसिडचं तर नावच काढू नका. वरचा थर करपतो, आतलं लाकूड आहे तसंच राहतं, आणि शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जातो.

आता तुमचा बुडखा. फुटवे येतायत म्हणजे तो जिवंत आहे. मुळांमध्ये पिठूळ साठा असतो आणि सालीखाली झोपलेले डोळे असतात, त्या साठ्यावरच ते फुटतात. निलगिरी, सुबाभूळ, शेवगा, कडुनिंब, साग आणि वड-पिंपळ-उंबराची सगळी जात तोडल्यावर जोमानं फुटते. नारळासारखी झाडं फुटत नाहीत, कारण त्यांचा वाढीचा कोंब एकच असतो आणि तो शेंड्याबरोबर गेलेला असतो. फुटवे दिसत नसतील तेव्हा नखानं किंवा चाकूनं साल खरवडून बघायची. खाली ओलं, हिरवट दिसलं तर जीव आहे.

खोडातला जिवंत भाग म्हणजे सालीच्या आतलं बाहेरचं कडं. मधला गाभा, ज्याला आपण नार म्हणतो, तो झाड उभं असतानाच मेलेला असतो. म्हणून तर आतून पूर्ण पोकळ झालेली जुनी झाडं वर्षानुवर्षं हिरवीगार उभी असतात. याचा सरळ अर्थ असा, की बुडखा मधून पोखरला म्हणून तो मरत नाही. कुंडी करून फुलं लावली आणि पावसाळ्यात कडेनं पुन्हा झाड उठलं, असं होतं ते यामुळेच.

मारण्याचा माझ्या पसंतीचा उपाय बिनऔषधाचा आहे. साल जमिनीच्या थोडी खालपर्यंत सोलून काढा, कारण डोळे सालीखालीच असतात. ताज्या बुडख्याची साल पहार घालून पट्ट्यापट्ट्यांनी निघते. त्यानंतर जो फुटवा येईल तो वीतभर व्हायच्या आत बुडातून मोडा. कोवळी पालवी आधी मुळातला साठा खर्च करते, आणि पानं जून झाली की तीच साठा परत भरू लागतात. त्या आधी मोडत राहिलात तर मुळं रिकामी होतात. महिन्यातून एकदा आठवण आल्यावर मोडून भागत नाही. चिवट जातीला दोन हंगामही लागतात. वरून काळं जाड प्लॅस्टिक बांधलं तर काम हलकं होतं.

तणनाशक वापरायचंच असेल तर ते फक्त बाहेरच्या कड्यावर, सालीला लागून असलेल्या बोटभर पट्ट्यावर लावायचं. सगळ्या माथ्यावर ओतलेलं औषध वाया जातं, गाभा ते कुठेच नेत नाही. काप ताजा हवा, कापल्यावर काही मिनिटांतच लावायला हवं. तुमचा काप काही आठवड्यांचा आहे, म्हणजे वरची चकती नव्यानं उतरवल्याशिवाय उपयोग नाही. ग्लायफोसेट नावाचं तणनाशक कुणी कसं वापरायचं यावर ठिकठिकाणी नियम आहेत, ते आणि डब्यावरची सूचना वाचूनच हात लावा. शेजारी त्याच जातीचं दुसरं झाड असेल तर औषध नकोच. एकाच जातीच्या झाडांची मुळं जमिनीखाली एकमेकांना जुळलेली असू शकतात आणि औषध त्या वाटेनं चांगल्या झाडात पोहोचतं.

मग उपटायचा की ठेवायचा? हे जागेवरून ठरवा. बुडखा घराच्या भिंतीला लागून असेल तर काढा, कारण कुजकं लाकूड वाळवीला बोलावतं आणि तिथून ती चौकटीत शिरते. वरून फरशी किंवा पायवाट करायची असेल तरीही काढा, नाहीतर काही वर्षांनी जमीन खचेल. झाड मुळं सडून मेलं असेल, बुंध्यावर टणक, कंगोरेदार बुरशी उगवली असेल, तर मोठी मुळंही जमतील तेवढी काढा. ती बुरशी तशा लाकडात दीर्घकाळ जिवंत राहते आणि नवीन झाडाला लागते. नारळाचा बुडखा कुजत ठेवू नये, कारण गेंडा भुंगा अशाच कुजक्या नारळी लाकडात अंडी घालतो आणि उरलेल्या माडांवर जातो. यातलं काहीच लागू नसेल तर तो काढायलाच हवा असं नाही.

उपटणं. २ फूट रुंद म्हणजे दोन माणसांनी हातानं काढायची जवळजवळ शेवटची मर्यादा. ज्यांचं झाड अजून तोडायचं आहे त्यांना कळकळीनं सांगतो: उपटायचं ठरलं असेल तर खोड जमिनीलगत कापू नका, ४-५ फूट उभं ठेवा. तेवढी तरफ हातात असली की मेहनत निम्मी होते. तुमचा हातभरच उरलाय, त्यामुळे तुम्हाला खोदाई जास्त करावी लागेल.

खोदण्याआधी पाण्याची, सांडपाण्याची, गॅसची पाइप आणि विजेची केबल कुठून जाते ते शोधा. अंदाजावर टिकाव मारू नका. आदल्या दिवशी जागा भिजवून ठेवा, मग बुडख्याच्या कडेपासून दीड-दोन फूट सोडून गोल चर खणा. बुंध्याजवळ मूळ मांडीएवढं असतं, पण लांब जाल तसं भराभर बारीक होतं. अगदी जवळ खणलं तर जाड मुळं तोडावी लागतात, फार लांब खणलं तर मातीच उपसत बसता. बहुतेक झाडांची बहुतेक मुळं वरच्या २ ते ३ फुटांतच आडवी पसरलेली असतात. सोटमूळ खोल पाताळात गेलेलं असेल ही भीती मोठ्या झाडाच्या बाबतीत बऱ्याचदा खोटी ठरते.

प्रत्येक मूळ दोन ठिकाणी तोडा आणि मधला हातभर तुकडा बाहेर काढा. एकाच ठिकाणी तोडलं तर कुऱ्हाड फिरवायला आणि पहार घालायला जागाच होत नाही. तोडण्याआधी मुळावरची माती खरवडा, पाण्यानं धुवा. मातीत आणि खड्यात चेनसॉ घालू नका, एका फटक्यात साखळीची धार जाते आणि साखळी तुटलीच तर अंगावर येते. जुनी करवत, कुऱ्हाड, किंवा लाकूड कापायचं लांब पातं लावलेली रेसिप्रोकेटिंग सॉ (पातं पुढे-मागे चालवणारी विजेची करवत) इथे चांगली. पाण्याचा जोरदार फवारा मारून मुळांमधली माती काढता येते, फक्त चिखल वाहून जायला वाट ठेवा.

आडवी मुळं संपली की पहार खाली घालून बुडखा हलवून बघा. तो हलणाऱ्या दातासारखा एका बाजूला झुकतो आणि दुसऱ्या बाजूला अडतो. जिथे अडतो तिथलं मूळ शिल्लक आहे. ताकद लावत बसू नका, ते मूळ शोधा. बुडख्याच्या पोटाखालून सरळ खाली गेलेली एक-दोन मुळं शेवटी उरतात. बुडखा एका बाजूला कलता करून फटीत लाकडी ठोकळा घाला आणि मगच हत्यार आत न्या. नुसत्या पहारीवर तोललेल्या बुडख्याखाली हात घालू नका.

चेन पुली लावणार असाल तर ती घराच्या खांबाला किंवा कुंपणाच्या भिंतीला बांधू नका. आणि गाडीला दोर बांधून ओढणं माझ्या मते पूर्ण वर्ज्य आहे. नायलॉनचा दोर ताणला की त्यात जोर साठतो. तो तुटला किंवा हूक निसटला की समोरच्या माणसाचा जीव घेण्याइतक्या वेगानं परत येतो. ताणलेल्या साखळीच्या किंवा दोराच्या रेषेत कुणीही उभं राहू नये, मुलांना तर त्या बाजूला फिरकूच देऊ नका.

खड्डा भरताना माती थरांनी दाबा आणि वर ४ ते ६ इंच उंचवटा ठेवा, कारण ती बसतेच. घराजवळ काळी चिकणमाती असेल तर मोठं झाड गेल्यावर जमीन पुन्हा ओल धरून फुगते. तिथे नवं बांधकाम लगेच सुरू करू नका.

बुडखा दळणारं यंत्र भाड्यानं मिळत असेल तर ते जमिनीखाली साधारण ६ ते १२ इंचांपर्यंतचं लाकूड चुरून टाकतं. मुळं तशीच राहतात. किती खोल जाणार हे आधी ठरवून घ्या, आजूबाजूचे दगड वेचून काढा (ते गोळीसारखे उडतात) आणि चुऱ्यानंच खड्डा भरू नका.

कुजवायचं असेल तर कुजवणाऱ्या बुरशीला काय लागतं ते समजून घ्या: ओल, हवा, ऊब आणि थोडा नत्र. लाकडातली ओल २० टक्क्यांपेक्षा कमी राहिली तर ती वाढत नाही, पाण्यात बुडून राहिलं तर हवा नाही म्हणून वाढत नाही. लाकडात कार्बन नत्राच्या शेकडो पट असतो, त्यामुळे नत्र बाहेरून द्यावा लागतो. माथ्यावर ३-४ इंचांवर १ इंच जाडीची ८ ते १० इंच खोल भोकं पाडा, त्यात चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट भरा, वर माती आणि पालापाचोळा घालून ओलं गोणपाट ठेवा आणि ते सुकू देऊ नका. युरिया भसाभस ओतून वेग येत नाही. थंड देशांतल्या जंगलांत पाइन आणि स्प्रूसच्या ताज्या बुडख्यांवर युरियाचं दाट द्रावण मुद्दाम फासतात, ते मुळं सडवणारी एक बुरशी आत शिरू नये म्हणून. ‘बुडखा विरघळवणारी’ म्हणून जी पूड विकतात ती बहुधा पोटॅशियम नायट्रेट असते. ती काही विरघळवत नाही, नत्र पुरवते एवढंच. मऊ लाकूडही कुजायला काही वर्षं घेतं, साग-बाभळीसारखं त्याहून कितीतरी जास्त. घाई असलेल्याचा हा मार्ग नाही.

आणि पेटवणं? घराजवळ नको. ओला बुडखा नीट जळत नाही, पण सुकलेल्या मुळांतून निखारा जमिनीखाली दिवसचे दिवस धुमसत सरकतो आणि भलतीकडे डोकं वर काढतो. वरून विझलेलं दिसतं, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पेट्रोल-डिझेलनं यात फक्त भडका आणि माती नासणं वाढतं. पोटॅशियम नायट्रेट मुरवलेलं लाकूड तर विझवायलाही कठीण, कारण ते स्वतःच प्राणवायू पुरवतं. कण्हेरीचं लाकूड असेल तर धूरही विषारी.

आता पोखरण्याकडे. तुमच्या ठिकाणी मी असतो तर हेच केलं असतं, आणि लगेच. ओलं लाकूड वाळलेल्यापेक्षा खूप मऊ कापलं जातं. शिवाय लाकूड वाळताना वर्तुळाच्या दिशेनं जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच ते केंद्राच्या दिशेनं आकसतं. या ओढाताणीत भरीव बुडख्याला केंद्रापासून कडेपर्यंत भेगा जातात. मधला गाभा लवकर काढून टाकला तर उरलेल्या कड्याला आकसायला जागा मिळते आणि भेगा कमी पडतात.

आधी माथ्यावर आणि बाजूनं खिळे, तारा, जुने हूक नाहीत ना ते चुंबक फिरवून बघा. वाळत घालायच्या तारेचा खिळा कधीच लाकडानं गिळलेला असतो. शेर, थोर, कण्हेर, काजू, बिब्बा यांपैकी झाड असेल तर चीक अंगाला आणि डोळ्याला लागू देऊ नका. चष्मा तर कुठल्याही झाडाला हवाच.

कडेनं अडीच-तीन इंच भिंत सोडून आत वर्तुळ आखा. साल जमेस धरायची नाही, ती पुढे सुटून पडते. वर्तुळाच्या रेषेवर ड्रिलच्या १ इंची बिटनं भोकाला भोक जवळजवळ भिडेल अशी भोकं पाडा, मग आतल्या भागात दोन-दोन इंचांवर. खोली कळावी म्हणून बिटवर चिकटपट्टीची खूण करा आणि एका वेळी ४ इंचांपेक्षा खोल जाऊ नका. ड्रिल हळू वेगाचं, बाजूला मूठ असलेलं घ्या. लांब बिट आत अडकलं की यंत्र उलटं फिरतं आणि मनगट मुरगळतं. दर इंच-दीड इंचाला बिट बाहेर काढून भुसा झटका. वीज नसेल तिथे हाताचं गिरमिटही चालतं, फक्त वेळ द्यावा लागतो.

भोकांमधलं लाकूड आता पटाशी आणि हातोड्यानं फोडायचं. इथे लाकडाची रेघ तुमच्या बाजूनं असते, तंतू उभे असल्यामुळे पटाशी वरून मारली की ढलपी सहज सुटते. अडचण तळाशी येते. तेच तंतू खाली मुळांत गेलेले असतात, त्यामुळे ढलपी बाजूनं सुटते पण बुडाशी चिकटून राहते. तिला ओढून काढायला जाऊ नका. तळाशी तिरकं भोक पाडून किंवा गोल धारेच्या पटाशीनं आडवा काप देऊन तोडा. मग पुढचा ४ इंचांचा थर. दोन-तीन थरांत ८ ते १० इंच खोली मिळते आणि हंगामी फुलांना तेवढी पुरते. त्याहून खाली मुळांच्या फाट्यामुळे रेघ वेडीवाकडी होते आणि मेहनतीच्या मानानं काही हाती लागत नाही. गाभा आधीच पोकळ किंवा भुसभुशीत असेल तर तुम्ही नशीबवान, वाकस (सुताराचं तासायचं हत्यार) घेऊन तासत सुटा. नारळाचं उलट असतं, बाहेरचं कवच कठीण आणि आतला भाग मऊ, त्यामुळे पोखरायला ते सगळ्यात सोपं, पण जवळपास माड असतील तर वर सांगितलेल्या गेंडा भुंग्यामुळे ते टाळा.

चेनसॉचं टोक उभं खुपसून गाभा काढणारे लोक असतात. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की यंत्र उसळून थेट तोंडाकडे येतं. ज्यांनी ते रीतसर शिकून घेतलं नाही त्यांनी करू नये.

पाण्याचा निचरा ही या सगळ्यातली जागा जिथे बहुतेक बुडखे-कुंड्या फसतात. तळाला सरळ खाली भोक पाडून उपयोग नाही, कारण खाली भरीव लाकूडच आहे, पाणी जाणार कुठे? भोक बाहेरून पाडा: जमिनीच्या किंचित वरून सुरुवात करून आत वर चढत जाणारं, तळाच्या सगळ्यात खोल ठिकाणी निघणारं, पाऊण-एक इंचाचं. वेगवेगळ्या बाजूंनी अशी तीन तरी भोकं हवीत. बाहेरच्या बाजूनं भोक तळापेक्षा खाली निघेल इतका तळ जमिनीपासून वर ठेवा, म्हणजे खोली ठरवतानाच हे धरून चाला. मग बादलीभर पाणी ओतून बघा. ते काही मिनिटांत निघून गेलं नाही तर माती भरू नका. साचलेल्या पाण्यात उबदार हवेत आठ-दहा दिवसांत डास तयार होतात, आणि रोपांची मुळं सडतात ती वेगळीच.

आत डांबर किंवा जुनं इंजिन ऑइल फासू नका, ते मुळांना बाधतं. टिकाऊपणा हवा असेल तर पोकळीत बसेल अशी भोकं असलेली प्लॅस्टिकची कुंडीच ठेवा. थेट माती भरणार असाल तर पहिल्या वर्षी पानं पिवळसर पडली तर घाबरू नका. कुजू लागलेलं लाकूड मातीतला नत्र ओढून घेतं, पातळ केलेलं खत थोडं थोडं आणि नेमानं दिलं की रंग परत येतो. उथळ मुळांची झाडं निवडा: सदाफुली, ऑफिस टाइम, नेचे. बुडख्याला तणनाशक लावलं असेल तर त्यात खायची भाजी लावू नका. आणि कडेचे फुटवे मोडणं चालूच ठेवा, ते काम कुंडी झाली म्हणून संपत नाही.

अशी कुंडी कायमची नसते. मऊ लाकडाची भिंत तीन-चार वर्षांत ढिली पडते, कठीण लाकडाची जास्त टिकते. भिंत बोटानं दाबली जाऊ लागली की रोपं हलवा. तोपर्यंत वरचा भाग इतका भुसभुशीत झालेला असतो की कुदळीनं फुटतो. तो चुरा झाडांच्या आळ्यात वर पसरा. मातीत खोल मिसळू मात्र नका, कारण तिथे गेला की तो पुन्हा नत्र खात बसेल.